वीज टाकीवर पडते, आग सीलपाशी लागते

टाकीला लायटनिंग अरेस्टर बसवलाय ना, मग आता काळजी कसली, असं टँक फार्मवर, म्हणजे इंधनाच्या टाक्यांच्या आवारात, मला कुणी ना कुणी विचारतंच. विचारणारी माणसं कामात मुरलेली असतात. पंप, व्हॉल्व्ह, लाइन, सगळं त्यांना तोंडपाठ असतं. पण विजेचा विषय निघाला की सगळ्यांची नजर त्या उंच खांबाकडे जाते. मी मात्र त्यांना टाकीच्या छपराच्या कडेला नेते आणि तिथली फट बुजवणारं सील दाखवते. इंधनाच्या टाक्यांचं बाँडिंग (धातूचे भाग एकमेकांना जोडणं) आणि अर्थिंग (ते जमिनीला जोडणं) तपासणं हेच माझं काम. ते करत आले तसं हे पक्कं होत गेलं, की विजेपासून टाकी वाचवायची तर जिथे लोखंड लोखंडाला नीट जोडलेलं नाही, तिथे आधी बघायला हवं. त्यासाठीच हे सविस्तर लिहिते आहे.

हा धोका काही क्वचितचा नाही. टाक्यांच्या चाळीस वर्षांतल्या २४२ अपघातांचा एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात विजेमुळे झालेले अपघात होते ८०, म्हणजे तिसरा हिस्सा. माणसांच्या चुकांमुळे झालेले ७२. प्रशिक्षण, परमिट, सूचनाफलक यांवर आपण जेवढा वेळ घालवतो, त्याच्या पासंगालाही विजेचा विषय पुरत नाही, आणि आकडे बघा काय सांगतात.

वीज पडते तेव्हा टाकीतून दोन वेगवेगळ्या स्वभावांचे प्रवाह जातात. पहिला तडाखा प्रचंड मोठा, साधारण ३०,००० अँपिअरचा, कधी त्याच्या कितीतरी पट. पण तो मायक्रोसेकंदांत उरकतो. त्याच्या मागून बऱ्याचदा एक लहान पण रेंगाळणारा प्रवाह येतो. तो असतो २०० ते ८०० अँपिअर, आणि टिकतो सेकंदाच्या काही दशांशांपर्यंत. लोकांना धास्ती असते पहिल्याची, कारण आवाज त्याचा आणि लखलखाटही त्याचा. पत्रा वितळवतो आणि वाफ पेटवतो तो मुख्यतः दुसरा. पेट्रोलसारख्या इंधनाची वाफ हवेत योग्य प्रमाणात मिसळलेली असेल, तर ती पेटायला पाव मिलिज्यूलच्या आसपास ऊर्जा पुरते. एवढी ठिणगी डोळ्याला धड दिसतही नाही. रेंगाळणारा प्रवाह एखाद्या फटीतून उडी मारतो तेव्हा तिथे वेल्डिंगसारखी विजेची चाप (आर्क) पेटते. मग पेटायचं काही बाकी राहत नाही.

आता टाकी स्वतः बघू. जाड पोलादाची, नीट वेल्ड केलेली, सगळी झाकणं घट्ट बसलेली टाकी ही विजेपुढे मुळात दुबळी नाही. छपराचा पत्रा ४.८ मिलिमीटर किंवा त्याहून जाड असेल आणि कुठे गळती नसेल, तर थेट पडलेली वीजही त्याला आरपार भोक पाडेल याची भीती नसते, असं अमेरिकन मानकं मानतात. प्रवाह बाहेरच्या बाहेर शेलवरून, म्हणजे टाकीच्या उभ्या भिंतीवरून, जमिनीत उतरतो. म्हणूनच अशा टाकीवर वेगळी सळई उभारण्यापेक्षा पत्र्याची जाडी मोजणं मला जास्त मोलाचं वाटतं. बांधताना पाच मिलिमीटर असलेलं छप्पर आतून गंजून किती उरलंय, हे अल्ट्रासॉनिक गेज लावल्याशिवाय कळत नाही, आणि वीज काही ड्रॉइंगवरची जाडी बघून पडत नाही.

फिक्स्ड रूफ, म्हणजे पक्कं बसवलेलं छप्पर असलेल्या टाकीत धोक्याच्या जागा दोन: व्हेंट (हवा आणि वाफ ये-जा करायची वाट) आणि डिप हॅच (आतली पातळी मोजायचं झाकणाचं भोक). पेट्रोलच्या बंद टाकीत वाफ इतकी दाट असते की आत ती पेटत नाही. पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असेल तेव्हाच पेट घेते. पण टाकी भरत असताना तीच वाफ व्हेंटमधून बाहेर पडते, हवेत मिसळून पातळ होते आणि नेमकी त्या पट्ट्यात येते. आणि माल उपसताना हवा आत शिरते, तेव्हा आतलीही खात्री देता येत नाही. दाबाप्रमाणे उघडणारा-मिटणारा पीव्ही व्हेंट नीट बसतोय का, ज्योत आत जाऊ न देणाऱ्या फ्लेम अरेस्टरची जाळी शाबूत आहे का, डिप घेणाऱ्याने हॅचचं झाकण बंद केलंय का, या गोष्टी फार साध्या वाटतात. गॅस्केट नसलेल्या हॅचमधून वाफ सुटत असेल आणि वीज त्याच छपरावर पडली, तर जाड पत्र्याचा काही उपयोग होत नाही.

माझा खरा विषय आहे फ्लोटिंग रूफ. पाण्याच्या पातेल्यात ताटली तरंगत ठेवावी, तसं हे छप्पर थेट इंधनावर तरंगतं. मध्ये वाफेला जागाच राहत नाही, म्हणून पेट्रोल, नॅफ्था, कच्चं तेल यांच्यासाठी ही रचना उत्तम. पण छप्पर वर-खाली व्हायचं तर त्याच्या आणि शेलच्या मध्ये फट हवीच. ती फट सीलने बुजवलेली असते. म्हणजे विजेच्या दृष्टीने बघा: शेकडो चौरस मीटरचा एक धातूचा पत्रा, भोवती धातूची भिंत, आणि दोघांच्या मध्ये रबर, कापड आणि थोडीशी वाफ. टाकीतली सगळ्यांत ज्वालाग्राही जागा आणि विजेचा मार्ग तुटण्याची जागा एकच.

इथे ठिणगी पडायला वीज छपरावरच पडावी लागत नाही. शेलच्या काठावर पडली तरी प्रवाहाचा काही भाग छपरावरून पसरतो आणि सील ओलांडतो. टाकीवर अजिबात न पडता शेजारी पडली तरी ठिणगी उडू शकते. ढग डोक्यावर असतो तेव्हा त्याच्या प्रभारामुळे छपरावर आणि शेलवर विरुद्ध प्रभार जमून राहिलेला असतो. जवळच वीज कोसळली की ढगाची ओढ एका क्षणात संपते, आणि छपरावर अडकलेला प्रभार जमिनीकडे धावतो. त्याच्या वाटेत सीलची फट येते. उंच मास्ट (खांब) उभारून टाकीवर थेट पडणारी वीज अडवता येते, ते चांगलंच आहे. पण हा शेवटचा प्रकार मास्टला थांबवता येत नाही.

यावर जुना उपाय म्हणजे शंट. स्टेनलेस स्टीलच्या पातळ, साधारण दोन इंच रुंद पट्ट्या. एक टोक छपराला बोल्ट केलेलं, दुसरं शेलच्या भिंतीवर दाब देऊन टेकलेलं, आणि अशी पट्टी परिघावर जास्तीत जास्त दर ३ मीटरवर. जवळून बघितलं तर काय दिसतं ते सांगते. कच्च्या तेलाच्या टाकीत भिंतीवर मेणाचा आणि डांबरासारख्या गाळाचा थर असतो. शंट त्या थरावर टेकलेला असतो, लोखंडावर नाहीच. दुसऱ्या टाकीत शेलच्या वरच्या पट्ट्यात आतून रंग दिलेला असतो. शंट रंगावर टेकलेला. तिसऱ्या टाकीचा शेल एका बाजूला जरा फुगलेला, तिथे सलग चार-पाच शंट भिंतीपासून बोटभर लांब. वाकून वाऱ्यात हलणारेही शंट मी बघितले आहेत. आणि हे सगळे बसलेले कुठे, तर सीलच्या वर, जिथे वाफ सुटत असते तिथेच.

अमेरिकेच्या एपीआय या पेट्रोलियम उद्योगाच्या संस्थेने आणि ब्रिटनच्या एनर्जी इन्स्टिट्यूटने मिळून या शंटच्या प्रयोगशाळेत चाचण्या करवल्या. निष्कर्ष अस्वस्थ करणारा होता. शंट गंजलेला असो की नवाकोरा, भिंत घाण असो की स्वच्छ, विजेचा प्रवाह जाताना टेकण्याच्या जागी ठिणग्या उडतातच. नुसत्या दाबाने टेकलेली जोडणी एवढा प्रवाह शांतपणे वाहून नेऊच शकत नाही. त्यानंतर २००९ साली एपीआय ५४५ ही शिफारस आली. तिच्यात तीन गोष्टी ठळक आहेत. शंट सीलच्या वर न ठेवता द्रवाच्या आत, किमान ०.३ मीटर खोल बसवा. ठिणगी उडाली तरी तिथे हवा नाही, त्यामुळे आग नाही. सीलच्या वरचे धातूचे भाग आणि गेज पाइप (पातळी मोजायचा नळ) छपरापासून विजेच्या दृष्टीने वेगळे ठेवा, म्हणजे प्रवाह त्या वाटेने जाणारच नाही. आणि छपरापासून शेलपर्यंत पक्क्या बोल्ट केलेल्या बायपास केबल टाका: परिघावर दर ३० मीटरला एक, लहान टाकीलाही किमान दोन, शक्य तितक्या आखूड, आणि टोकापासून टोकापर्यंत रोध ०.०३ ओहमच्या आत.

यातला बायपास केबलचा मुद्दा मला सर्वांत जवळचा, कारण चालू टाकीवरही तो हाताळता येतो. द्रवाखालच्या शंटसाठी टाकी रिकामी करावी लागते, साफ करावी लागते. त्याला पुढच्या शटडाउनची वाट बघावी लागते. आखूड केबलचा आग्रह का, हेही समजून घ्या. सरळ केबललासुद्धा दर मीटरला साधारण एक मायक्रोहेन्री इंडक्टन्स, म्हणजे झटकन बदलणाऱ्या प्रवाहाला होणारा विरोध, असतो. प्रवाह मायक्रोसेकंदाला दहा हजार अँपिअरने वाढत असेल, तर एकेका मीटरवर दहा हजार व्होल्ट उभे राहतात. छप्पर खाली असो की वर, वीस मीटरची केबल छपरावर गुंडाळी होऊन पडलेली असेल तर पहिला तडाखा तिच्याकडे ढुंकूनही बघणार नाही, सीलवरूनच उडी मारेल. रेंगाळणारा प्रवाह मात्र केबलनेच जातो, आणि वाफ पेटवणारा मुख्यतः तोच, म्हणून लांब केबलही नसण्यापेक्षा चांगली. स्प्रिंगच्या रीलवर गुंडाळली जाणारी केबल हवी तेवढीच बाहेर येते, म्हणून ती त्याहून चांगली.

छपरावर उतरायच्या सरकत्या शिडीवर, म्हणजे रोलिंग लॅडरवर, कुणी विसंबू नये. शिडीची चाकं रुळांवर फिरतात, मध्ये गंज, ग्रीस आणि वाळू. चाकातून रुळात प्रवाह जाईल असं धरून चालणं म्हणजे आणखी एक ठिणगीची जागा तयार करणं. शिडीच्या बिजागऱ्यांना आणि खालच्या टोकाला वेगळी लवचीक बाँडिंग केबल लागतेच.

एका टर्मिनलवरची गोष्ट आठवते. केबल नवी, लग (केबलच्या टोकाला बोल्टसाठी असलेले धातूचे तुकडे) नवे, नटबोल्ट चमकणारे, फोटोत बघितलं असतं तर मीच शाबासकी दिली असती. अगदी बारीक रोध मोजणाऱ्या मायक्रोओहममीटरचे चिमटे छपराच्या आणि शेलच्या उघड्या धातूवर लावले, तर रीडिंग मर्यादेच्या कितीतरी वर. इलेक्ट्रिशियनने शेलकडचा बोल्ट खोलला. लगच्या खाली करड्या इपॉक्सी रंगाचं अख्खं वर्तुळ होतं, बोटाने पुसलं तरी चकाकणारं. रंगाऱ्यांनी आधी लग बसायचा पॅड रंगवला, मग केबलवाल्यांनी त्यावर लग आवळला, दोघांनी आपापलं काम कागदावर पुरं केलं. इलेक्ट्रिशियनने रंग घासून लोखंड उघडं केलं, जॉइंट कंपाउंड लावलं, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळला आणि मग बाहेरून रंग दिला. रीडिंग मिलिओहमांत आलं. सगळं काम अर्ध्या तासाचं. नुसत्या नजरेने केलेल्या तपासणीत ते वर्तुळ कधीही सापडलं नसतं. म्हणून आकडा मोजा, असं मी प्रत्येक ठिकाणी सांगते.

अर्थ पिट, म्हणजे टाकी जमिनीला जोडायचे खड्डे, यांच्याबद्दल थोडक्यातच. टाकी अर्थ केलेली असावी, पिटचा रोध वेळोवेळी मेगर या उपकरणाने तपासावा, यात वाद नाही. पण मोठी टाकी जमिनीवर बसलेली असते तेव्हा तिचा तळच उत्तम अर्थ असतो. ६ मीटर किंवा जास्त व्यासाची, माती किंवा काँक्रीटवर टेकलेली टाकी एनएफपीए ७८० हे मानक तेवढ्यानेही पुरेशी अर्थ झालेली मानतं. तळाखाली प्लास्टिकचा लायनर घातला असेल तर मात्र वेगळं अर्थिंग हवंच. मला खटकतं ते असं, की पिटचा रोध ५ ओहमवरून २ वर आणण्यासाठी खटपट चालते आणि वर सीलपाशी तुटलेला शंट तसाच लोंबकळतो. पिट कितीही चांगला असला तरी सीलमधली ठिणगी त्याने विझत नाही.

आणखी एक विषय, जरा नाजूक. ‘सळईला आमचं टोक लावा, वीज पडणारच नाही’ किंवा ‘आमची सळई शंभर मीटरपर्यंतची वीज ओढून घेते’, असं सांगणारे विक्रेते भेटतात. विजेवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी हे दावे वर्षानुवर्षं तपासले आणि मोकळ्या आकाशाखाली ते टिकलेले नाहीत. आयईसी ६२३०५ या आंतरराष्ट्रीय मानकात संरक्षणाची जागा ठरवायला रोलिंग स्फिअरची पद्धत आहे. सर्वांत कडक पातळीला २० मीटर त्रिज्येचा काल्पनिक गोल टाकीवरून फिरवायचा आणि तो जिथे जिथे टेकेल तिथे वीज पडू शकते असं समजायचं. ते गणित साध्या सळईला जेवढं लागू, तेवढंच या खास टोकांनाही. हे पैसे सीलवर आणि केबलवर खर्चा, असं मी लेखी देते.

फट आणि वाफ एकत्र आली की काय होतं, याची उदाहरणं फार जुनी आहेत. ७ एप्रिल १९२६ रोजी कॅलिफोर्नियातल्या सॅन लुइस ओबिस्पोजवळच्या तेलसाठ्यावर वीज पडली. तिथे कच्च्या तेलाचे प्रचंड काँक्रीटचे हौद होते आणि त्यांवर लाकडी छपरं. फटींनी भरलेल्या लाकडाखाली वाफ, म्हणजे आगीला हवं ते सगळं. कित्येक दिवस आग चालली, सुमारे ६० लाख बॅरल तेल जळालं, आणि आगीतून उठलेल्या वावटळींनी दोन माणसांचा बळी घेतला. १२ ऑगस्ट १९८९ रोजी चीनमध्ये छिंगताओजवळच्या हुआंगदाओ डेपोत अर्धवट जमिनीत गाडलेली काँक्रीटची टाकी विजेने पेटली. काँक्रीटमधल्या सळ्या एकमेकींना सलग जोडलेल्या नव्हत्या, त्यांच्या मधल्या फटींत प्रेरित प्रवाहाने ठिणग्या उडाल्या. १९ जण गेले, त्यांत बहुतेक अग्निशामक. दोन्ही ठिकाणी टाकी वेगळी, काळ वेगळा; धातूची वाट तुटलेली होती, हे सारखं.

फायबरग्लासच्या टाक्या मला म्हणूनच धास्तावतात. तेलक्षेत्रातलं तेलमिश्रित पाणी साठवायला त्या वापरतात, कारण गंजत नाहीत. पण प्रवाहाला वाटच नाही, आत मात्र धातूचे पाइप, झाकणं, गेज सुटे सुटे लटकलेले. अशी टाकी वापरायचीच असेल तर आतला धातूचा प्रत्येक तुकडा एकमेकाला आणि जमिनीला जोडा, आणि वरून वेगळं मास्टचं संरक्षण द्या.

विजेबरोबर पाऊस येतो, हे टाकीच्या बाबतीत विसरून चालत नाही. ७ जून २००१ रोजी लुइझियानातल्या नॉर्कोमध्ये ८२ मीटर व्यासाची पेट्रोलची टाकी पेटली. मुसळधार पावसाचं पाणी फ्लोटिंग रूफवर साचून छप्पर काही अंशी बुडालं होतं, पेट्रोल उघडं पडलं होतं, आणि त्यावर वीज पडली. सीलपुरती राहू शकली असती ती आग पूर्ण पृष्ठभागाची झाली. छपरावरचं पाणी काढून टाकणारा रूफ ड्रेन तुंबलेला नाही ना, हे बघणं म्हणूनच माझ्या यादीत बाँडिंगच्या खालोखाल आहे. २ नोव्हेंबर १९९४ रोजी इजिप्तमधल्या द्रोंका गावात विजेने इंधनाच्या टाक्या पेटल्या, आणि पुराच्या पाण्यावर तरंगत जळतं तेल गावात शिरलं. ४६९ माणसं गेली. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीत विजेमुळे अप्रत्यक्षपणे झालेली ही सर्वांत मोठी जीवितहानी आहे. डाइकचा, म्हणजे टाकीभोवतीच्या बांधाचा, ड्रेन व्हॉल्व्ह पाऊस सुरू असताना उघडा ठेवायचा नाही, हा नियम मी वाचते तेव्हा मला ते गाव डोळ्यांपुढे येतं.

५ ऑगस्ट २०२२ ला क्यूबातल्या मतांसासमध्ये कच्च्या तेलाच्या टाकीवर वीज पडली, तेव्हा तिथे वीजरोधक यंत्रणा होती. पहाटे शेजारची टाकी फुटली, आठपैकी चार टाक्या आगीत सापडल्या, आणि अग्निशामकांचे जीव गेले. पहिल्या टाकीवरच आग थोपवणं किती मोलाचं असतं, ते तिथे दिसलं. सीलची आग सुरुवातीला लहान असते. छपराच्या कडेने तापमान ओळखणारी केबल, छपरावर फोम अडवणारी फोम डॅम आणि शेलवरचे फोम ओतणारे पोअरर, एवढं तयार असेल तर ती बहुतेक वेळा तिथेच विझते. कुणाला तरी धूर दिसेपर्यंत थांबलं तर पुढचं हातात राहत नाही.

रोजच्या कामाचा एक नियम सगळ्यांनी पाठ करावा असा आहे. लखलखाट दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला, की डिप, सॅम्पलिंग, छपरावरचं काम, लोडिंग सगळं थांबवा, हॅच बंद करा, माणसं खाली उतरवा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कुणी वर चढू नये. गाड्या रांगेत उभ्या असतात, वरून फोन येत असतात, तरीही. शिफ्ट इन्चार्जला हे थांबवण्याचा अधिकार लेखी दिलेला असला पाहिजे. नाहीतर तो बिचारा फोन घेत बसतो आणि माणूस छपरावर राहतो.

टँक फार्मवर काम करणाऱ्या वाचकांना एक विनंती. बाँडिंगच्या तपासणीचं रजिस्टर काढा आणि शेवटच्या पानावर बायपास केबलसमोर काय लिहिलंय ते बघा. ‘ओके’ एवढंच लिहिलेलं असेल, तर प्रत्येक केबलचा आकडा मागा, वादळांचा मोसम सुरू व्हायच्या आत. ०.०३ ओहमच्या वर एखादा आला तर तो बोल्ट त्याच दिवशी खोलून घ्या.